नाकेदार तात्यांची माणसं

टोकावड्यात माणूस मेलं, की त्याची पुढची खबर नाकेदार तात्यांकडून कळायची.

दिवेलागणीला ते कुंपणाशी येऊन उभे राहत. पायांचा आवाज नसे, कुत्रंही भुंकत नसे. "गोदाक्का आल्या," एवढंच हळू आवाजात सांगत आणि पुढच्या घराकडे वळत. गोदाक्का तर मागच्या शिमग्यात गेलेल्या. ऐकणारी बाई कंदील वर धरून रस्त्याकडे बघायची. मग तिला आठवायचं, की गोदाक्कांच्या परसातली गुलबक्षी आता तात्यांकडे आहे, आणि ती आज उमलली असणार.

तात्या जंगलखात्यात नाकेदार होते. नोकरी संपली तशी त्यांनी माळशेजच्या रस्त्याला, गावाच्या टोकाशी घर बांधलं आणि भोवती बाग केली. तिथे फुलझाडं नव्हती, माणसं होती. श्रावणात पारिजातकाखाली सडा पडला, की "गुरव आज लय बोलला" म्हणायचे. दसऱ्याच्या आधी सोनटक्का आला, की "सोनारीण नटली." भिवाजी पाटलांची जास्वंद कळी धरून गाळायची, तेव्हा तिच्यापुढे उभे राहून खडसवायचे, "जिता होतास तवा बी असाच रुसायचास." एकदा मी ते ऐकलं. वारा नव्हता, तरी जास्वंदीची एक फांदी हलली असं मला वाटलं. पक्षी बसून उडाला असेल. मी थांबून पाहिलं नाही.

एवढ्यावर लोक घाबरले नसते. खरी भीती रोप मागण्याची होती. तात्यांचा एक नियम होता, रोप ज्याचं त्यानं जितेपणी आपल्या हातानं द्यायचं. "हातानं दिला तरच नाव लागतो," म्हणायचे. त्यामुळे गावात कुणी अंथरुणाला खिळलं, की तात्या ओलं गोणपाट घेऊन त्याच्या दारात हजर. आजारी माणूस आपल्या हातानं एखादी फांदी द्यायचं, आणि पुढे बहुधा जायचं. म्हणून टोकावड्यात ठरून गेलं होतं, की तात्यांनी गोणपाट पसरलं म्हणजे घर खाली झालं.

मी तेव्हा ठाण्याला कॉलेजात होतो. आमच्या घरात पहिलाच. दिवाळीच्या सुट्टीत आईला समजावू लागलो, की तात्या आजाऱ्यांकडेच जातात, म्हणून त्यांनी मागितल्यावर माणसं मेलेली दिसतात. आई ताप अंगात घेऊन भिंतीशी बसली होती. ती म्हणाली, "तुजा कालेज ठान्याला. तात्या हितं हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्या आलेच. काखेत ओलं गोणपाट होतं.

बाबा खळ्यावरून धावत आले आणि दारात आडवे उभे राहिले. "तात्या, आमच्यात सगली बरी हायेत."

नेमकी तेव्हाच आतून आई खोकली.

"मांजर हाय," बाबा म्हणाले.

तात्या हसले नाहीत. खाली बसले आणि गोणपाट उलगडलं. आत मोगऱ्याचं रोप होतं, मुळांना माती धरलेलं. "मागाया नाय आलो," ते म्हणाले. "द्याया आलोय. सगली घरं फिरलो. माजं गोणपाट पाहून दारं लावतात."

मग थांबत थांबत जे सांगितलं, ते असं. यंदा पावसाळ्याच्या तोंडी घाट चढताना त्यांच्या छातीत कळ आली होती. आषाढात त्यांनी दारच्या मोगऱ्याची एक फांदी वाकवून मातीत दाबली, वर दगड ठेवला, आणि मुळं धरल्यावर आज ती कापून आणली. ती फांदी म्हणजे ते स्वतः. कुणीतरी ती त्यांच्या हातून घ्यावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

तो दारचा मोगरा मला माहीत होता. चैत्रात पांढराशुभ्र व्हायचा. पण सगळ्या बागेत तेवढ्या एकाच झाडाचं नाव तात्यांनी कधी घेतलं नव्हतं. मी भीतभीत विचारलं, तो कुणाचा?

"बायकोचा. बालंतपनाला म्हायेरी गेली ती आलीच नाय." त्यांनी मातीच्या गोळ्याभोवतीचं गोणपाट सारखं केलं. "लावला तिनं, नाक्यावरच्या जुन्या घराशी. तिथनं मी दारात आनला. हातानं दिला नाय कुनाला. मंग मी नाव कसा घेऊ?"

बाबा दारातून बाजूला झाले नाहीत. आईनेच त्यांच्या काखेखालून वाट काढली. पदर सावरत ती पुढे आली आणि तिने दोन्ही हात पसरले. 

"द्या," ती म्हणाली. "नाव काय वैनींचा?"

"यमुना."

त्या संध्याकाळी आईने न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर रोप लावलं. तिचा ताप हळूहळू उतरला. माघात तात्या गेले. मग जे लोक त्यांना दारं लावत, तेच खुरपी घेऊन बागेत आले आणि आपापलं माणूस घरी घेऊन गेले. दारच्या मोगऱ्याला कुणी हात लावला नाही. तो कुणाचाच नव्हता. उन्हाने तो वाळला.

चैत्रात मी एसटीने उतरून घरी आलो, तेव्हा दिवेलागण झाली होती. आई कुंपणाशी उभी होती. रस्ता मोकळा होता, तरी ती कुणाला तरी वाट द्यावी तशी जरा बाजूला सरकली. माझी पिशवी घेतली नाही, जेवलास का विचारलं नाही. अंगणभर वास सुटला होता.

"यमुनावैनी आल्यात रे," ती हळू आवाजात म्हणाली. "मागनं तात्या पन."