मागे झोपलेली सवारी

मृत्यूपुढे सगळे समान असतात, असं थोर माणसं सांगत आली आहेत. मी कॉलेजात पोटासाठी इतिहास शिकवला असल्यामुळे या विधानाबद्दल मला शंका आहे. मृत्यूपुढे सगळे रस्त्याच्या कडेला होतात, एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नवीन जालन्यात, भर दुपारी, ऑटोवालेसुद्धा.

अडचण एवढीच, की ज्या गाडीला ते वाट देत, तिच्यात कोणी मेलेलं नसायचं.

गाडी आमच्या समोरच्या घरातल्या नाना सोनुन्यांची. काळी, लांबलचक, छत थेट मागच्या दारापर्यंत सरळ गेलेलं. अशा गाडीला स्टेशन वॅगन म्हणतात, आणि परदेशात लोक तिच्यात मुलं, कुत्री, सामान भरून सहलीला जातात. आपल्याकडे मागे एवढी लांब, काचा लावलेली जागा असलेल्या गाडीतून एकाच प्रकारचा प्रवास होतो. त्यात नाना ती चालवायचे बैलाच्या चालीनं. आणि मागे, सीट पाडून केलेल्या सपाट जागेवर, माणसाएवढं लांब काहीतरी पांढऱ्या चादरीखाली आडवं असायचं.

उन्हाळ्यात दुपारची जेवणं झाली की आमच्या कॉलनीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पत्रे तडतडतात, बाकी सगळं गप्प. नेमकं तेव्हा नानांचं फाटक करकरायचं आणि ती गाडी पोटात गुरगुरत बाहेर सरकायची. तासाभरानं परत यायची. चादर तशीच, चादरीखालचंही तसंच.

रस्त्यावरची माणसं हात जोडत. एकदा एका वरातीनं बँड थांबवला, नवरदेव घोड्यावरून उतरायच्या बेतात होता. नाना प्रत्येकाला मान लववून उत्तर देत.

"लोकं लई सुधारले सर," ते मला म्हणाले. "पह्यले मला कोणी रामराम घालत नव्हतं."

नाना एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण तपासायचे. ओल्या कागदात दाणे गुंडाळायचे, थांबायचं, मग कागद उलगडून किती जिवंत निघाले ते बघायचं. नोकरी संपली, कागद सुटला नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीची ते उगवण काढत. कॉलनीच्या अध्यक्षांबद्दल म्हणत, "टरफल चकाचक, उगवण न्हाई." माझ्या एका भाषणानंतर म्हणाले, "पाणी लई घातलं सर तुम्ही. दाणा सडला." आणि कोणी कशाचीही घाई केली की, "थांबा. कागद उलगडू द्या."

गाडीचंही त्यांनी असंच केलं. कोण्या हौशी व्यापाऱ्यानं ती परदेशातून आणली होती. दिसायला संसारी, पण आत शर्यतीच्या गाडीचं इंजिन. देशात अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतील, असं जाणकार सांगतात. व्यापारी गेला, त्याच्या वारसांना ती नको होती, आणि ती एका जिनिंगच्या शेडमध्ये पडून राहिली. तिच्या मागच्या जागेत सरकी भरत. नानांनी ती ट्रॉलीवर घालून आणली, तेव्हा तिला इंजिन होतं, चाकं नव्हती. विटांवर उभी केली. जुन्या जालन्याचे रऊफमियां मिस्त्री रोज येऊन तिच्या पोटात शिरत.

पहिल्या धुलाईनंतर आठवड्यानं मागच्या गालिच्यातून हिरवे कोंब वर आले. सरकीचे. मी हसलो. नाना हसले नाहीत. उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले.

"ही उगवायला नको होती सर," ते हळूच म्हणाले. "इतक्या वर्षांची सरकी उगवत नसते. मी जिंदगीभर हेच पाह्यलं."

"मग कशी उगवली?"

"तेच मी विचार करून राह्यलो."

एक कोंब त्यांनी तेलाच्या डब्यात लावला आणि घरातल्या कायम बंद असणाऱ्या खिडकीत नेऊन ठेवला. डबा ठेवताना पडदा जरा हलला. डबा आतून कोणीतरी घेतला असावा.

त्या खिडकीबद्दल आमच्या घरी मतभेद होते. आम्ही कॉलनीत राहायला आल्यापासून नानांच्या पत्नी, सोनुने मॅडम, आम्हाला दिसल्या नव्हत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या, कडक होत्या, एवढं ऐकून होतो. नानांना विचारलं की, "आहेत की आत," असं म्हणून ते स्पॅनर शोधायला लागत.

"चादरीखाली काय आहे, विचारा ना," माझी बायको म्हणायची.

"पोतं असेल."

"पोत्याला कोणी पांघरूण घालतं? डोक्याखाली उशी आहे. मी गच्चीवरून बघितलंय."

मी पेपर उघडला.

चादर नंतरची. कोंबांनंतर आधी आलं चाकांचं वेड. गाडीची मूळ चाकं भली मोठी, चांदीसारखी, फुलाच्या पाकळ्यांसारख्या आऱ्यांची. ती नानांनी वर्षभर हिंडून गोळा केली. दोन शेडमागच्या बाभळीत सापडली, एक गुऱ्हाळात चुलाणाशेजारी बसायला वापरत होते, चौथं कुठून आलं ते रऊफमियां सांगत नाहीत. घासून-पुसून चारही लावली. गाडी अशी दिसायला लागली की विश्वास न ठेवणाऱ्यानंही नमस्कार करावा.

दुसऱ्याच दिवसापासून चादरीवाल्या फेऱ्या सुरू झाल्या. आणि महिन्याभरात ती देखणी चाकं उतरून भिंतीला टेकली. मग दुसरी आली. मग तिसरी. एका वेळी तर गाडीला पुढे एक जात आणि मागे दुसरी जात होती. रऊफमियां कंटाळून म्हणाले, "नाना, ये गाडी कू चक्के नक्को. चार कंधे होना."

एकदा दुपारी माझी स्कूटर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, पुढे बंद पडली. रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबर चपलेला चिकटतंय. लांबून ती काळी गाडी आली आणि माझ्याजवळ थांबली. काच खाली झाली.

"बसा सर. पुढंच बसा. मागं जागा न्हाई."

मी बसलो. आत थंड होतं. कापराचा वास येत होता, म्हणजे कापूर डासांसाठी असतो असं मी स्वतःला सांगितलं. पाठीमागे, हाताच्या अंतरावर, चादर. गाडी हलली की चादरीखालून बारीक सळसळ येई, कुशीवर वळताना येते तशी.

गतिरोधक आला. नानांनी गाडी इतकी हळू घेतली की आम्ही त्याच्यावर क्षणभर वस्तीलाच राहिलो. पुढची चाकं उतरली, मागची उतरली, आणि मागून बाईचा आवाज आला.

"हे न्हाई जमत. चाक कडक हाय."

मी भुतं मानत नाही. या विषयावर मी कॉलेजात व्याख्यानही दिलेलं आहे. पण मत सिद्ध करण्यासाठी मागे वळून बघणं आवश्यक होतं आणि मान वळत नव्हती.

नाना काचेकडे बघतच म्हणाले, "हवा कमी करू का?"

"हवेचं न्हाई. चाकच तसलं."

"बरं."

जरा वेळ नुसती सळसळ. मग मागून पुन्हा, "पुढं कोण बसलंय? श्वासाचा आवाज येऊन राह्यला."

"समोरचे सर."

"मंग गाडी बाजूला घ्या. घाबरले असतील."

नानांनी लिंबाखाली गाडी थांबवली, मागचं दार वर केलं आणि चादर काढली. पोतं होतं. ज्वारीचं, माणसाच्या लांबीला उसवून शिवलेलं, खांद्याशी रुंद, पायांकडे निमुळतं. उशीवर, जिथं कान असतो तिथं, चालू फोन ठेवलेला.

"नमस्कार सर," फोन म्हणाला. "कॉलनीत सांगू नका."

मी नमस्कार केला. त्या दिवशी ज्वारीला नमस्कार करणारा मी पहिला नव्हतो.

नानांनी मग सगळं सांगितलं, चाकाकडे बघत, जणू तक्रार चाकाची होती. मॅडमच्या मणक्याचं दुखणं. बसता येत नाही, आडवंच राहावं लागतं. धक्का बसला की डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि कुंभार पिंपळगावला त्यांची आई. नव्वदीच्या पुढची. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. रोज फोनवर विचारते, "सुट्टी लागली का गं?" लेक रिटायर झाली हेही ती विसरली आहे. मॅडम म्हणतात, "लागली की येते."

"मग ॲम्ब्युलन्स?"

"मी म्हनलं. त्या म्हनल्या, ॲम्ब्युलन्सनी माह्यारी गेले तर मी उतरायच्या आत गाव रडायला बसंल. आई तिथंच जाईल. मंग मी लांब गाडी धुंडाळली." नानांनी पोत्यावर हात ठेवला. "हे मॅडमच्या वजनाचं हाय. दाणा हलला की आवाज येतो. त्यो आवाज घरी फोनवर ऐकून त्यांना समजतं, कंबरेला कुठं लागंल ते. पोतं आधी दुखून घेतं."

"म्हातारीचं काही सांगता येत न्हाई सर," ते चादर पुन्हा नीट पसरत म्हणाले. "हा कागद लई दिवस बंद ठेवता येनार न्हाई."

घाई करणाऱ्यांना थांबवणारा माणूस हे बोलला, म्हणून मी स्कूटरचा विषय काढला नाही.

अडचण सोपी होती आणि नानांना कळूनही पचत नव्हती. चाक मोठं, टायर पातळ, की गाडी दिसते छान आणि खड्डा थेट मणक्यात जातो. चाक लहान, टायर जाड, की खड्डा टायरातच जिरतो. पण या गाडीचे ब्रेक एवढे मोठे, की लहान चाक त्यावर बसेना. म्हणजे ब्रेकही बदलायचे. म्हणजे ज्या गोष्टींसाठी ती गाडी दुर्मीळ, त्याच एकेक करून काढायच्या.

त्याच सुमारास पुण्याहून एक तरुण आला. अशा गाड्यांचा भक्त. गाडीभोवती अनवाणी फिरावं तसा फिरला, भिंतीला टेकलेल्या मूळ चाकांना हात लावला, आणि उघडे पडलेले लहान ब्रेक पाहून खालीच बसला.

"काका, हे पाप आहे. ही गाडी ताशी अडीचशेनं पळते!"

"पळत असंल," नाना म्हणाले. "मला पळवायची न्हाई."

चाकं शेवटी रऊफमियांनी आणली. लहान, लोखंडी, काळी, दिसायला भाकरीच्या तव्यासारखी. त्यावर जाड टायर, हवा बेताची. त्या दुपारी मीही पुढे होतो. गतिरोधक आला आणि गेला. चादर गप्प. फोनही गप्प. नाना घाबरले.

"मॅडम? ऐकू येऊन राह्यलं न्हवं?"

"दाणा हललाच न्हाई," आवाज आला, जरा ओला. "कोणत्या गाडीची चाकं हो?"

नानांनी आरशातून पोत्याकडे पाहिलं. "दूधगाडीची."

ती भंगारात निघालेल्या एका शववाहिकेची होती. रऊफमियांनी मला बाजूला घेऊन आधीच सांगितलं होतं. नंतर नाना म्हणाले, "ज्यांच्यासाठी होती ते कधी तक्रार करत नव्हते. तरी कोणीतरी मऊ लावली होती. चांगला माणूस असंल."

आम्ही निघालो तेव्हा थंडी सरत आली होती. मला मुद्दाम सोबत घेतलं, कारण नानांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर लागणार आणि वाटेतल्या नमस्कारांना उत्तर द्यायला एक माणूस हवा. मागे पोत्याच्या जागी मॅडम, तीच उशी, तीच पांढरी चादर गळ्यापर्यंत. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. बारीक, गोऱ्या, डोळे अजून वर्गावर रोखलेले. अंबडच्या चौकात एका सायकलवाल्यानं उतरून, टोपी काढून, हात जोडले. मॅडमनी चादरीतून दोन्ही हात बाहेर काढून त्याला नमस्कार केला. सायकल पडल्याचा आवाज बराच मागून आला.

कुंभार पिंपळगावात गाडी शिरली आणि जे टाळायचं होतं तेच झालं. काळी लांब गाडी, हळू चाल, मागे पांढरी चादर. दारातल्या दोन बायांनी हंबरडा फोडला. गल्ली गोळा झाली. नानांचा चेहरा त्या चादरीसारखा झाला. ओट्यावर म्हातारी बसली होती. तिला कमी ऐकू येत असावं. गर्दी कशाची म्हणून ती इकडे-तिकडे बघत होती.

नानांनी धावत जाऊन मागचं दार उघडलं.

"रडता कामून गं?" आतून आवाज आला. "चहा ठेवा. आणि आईला इकडं आना."

रडणं एकदम थांबलं. एक बाई तर तोंड उघडं ठेवूनच थांबली. म्हातारीला खुर्चीसकट उचलून गाडीच्या मागच्या काठाशी आणलं. तिनं आत वाकून बघितलं, लेकीच्या कपाळावरून, गालावरून हात फिरवला, झोपून का आहेस असं विचारलं नाही.

"सुट्टी लागली का गं?"

"लागली आई. मोठी लागली."

नाना तेवढ्यात चाकं तपासायला गेले. चाकांना काही झालं नव्हतं. आमच्याकडे पाठ करून ते डाव्या चाकाशी उकिडवे बसले आणि बायांचा चहा होऊन कप धुतले गेले तरी उठले नाहीत.

ही गाडी ताशी अडीचशेनं पळते, हे मला परतीच्या वाटेवर, मागे मॅडम झोपल्यावर, आठवलं. अंकुशनगरच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या एका ट्रॅक्टरनं आम्हाला ओव्हरटेक केलं. पुढे तो चहाला थांबला, आम्ही पुढे निघालो, आणि त्यानं पुन्हा केलं.