रोजची मरी

"काय म्हनलीस? काय आणलीस?"

"रोजमेरी, अक्का. केसांना चांगली असते," स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंडी ठेवत इरावती सासूबाईंना म्हणाली.

"रोज मरी? अगं बाय माझे! येकदा मरी आली तर गावं वस पडायची. तू रोजची आणलीस व्हय गं?"

"अक्का, इंग्रजी नाव आहे ते."

"इंग्रजीत बी मरी मरीच!"

मरीआईचं ठाणं शिवेवर असतं, घरात नसतं, हे कसबा बावड्यात शेंबडं पोरही सांगेल. नाशिकहून लग्न होऊन आलेल्या इरावतीला मात्र त्यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडी फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर गेलेली दिसली, तेव्हा तिच्या डोक्यात तिडीकच गेली.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. पडद्यांचा रंग अक्कांचा, चहातली साखर अक्कांच्या मापाची, टीव्हीवरची मालिका अक्कांची. या घरात आपल्या मनानं आणलेली एक वस्तू तरी आपण ठेवू तिथं राहावी, एवढंच तिचं म्हणणं. बँकेतून आल्या आल्या तिनं कुंडी उचलली आणि खिडकीत नेऊन आदळली. सकाळी ती पुन्हा कट्ट्यावर! संध्याकाळी आत, सकाळी बाहेर. आठ दिवस हाच खेळ. नवऱ्याला विचारावं, तर वरद म्हणाला, "मी मधी पडत न्हाय," आणि मोबाईल घेऊन सोफ्यावर पडला.

मंगळवारी समोरच्या धोंडुबाईंनी अक्कांना हटकलं, "कट्ट्यावर काय मांडलाय ओ?"

"मरी हाय," अक्का म्हणाल्या आणि भाजी चिरायला आत निघून गेल्या.

झालं! बाईनं खोटं म्हणून काही सांगितलं नव्हतं. पण संध्याकाळी इरावती गल्लीत शिरते तर कुंडीला हळदकुंकू, फांद्यांत हिरव्या बांगड्या, मातीवर दहीभात, आणि वरून पाच जणींनी भक्तिभावानं ओतलेले पाच तांबे पाणी. नर्सरीवाल्यानं बजावून सांगितलं होतं, माती वाळल्याशिवाय थेंब घालायचा नाही, मुळं कुजतात. इथं तर कुंडीत रोप लावायची वेळ आली होती, भाताचं. शेंडे पाण्याच्या माऱ्यानं माना टाकून बसले होते. इरावतीनं ओढणी कमरेला खोचली आणि कुंडी उचलली.

"ए पोरी, ठेव खाली!" धोंडुबाई धावत आल्या, मागोमाग बाकीच्या चौघीही. "मरीला घरात न्हेतीस? गल्लीचं वाटोळं करतीस काय?"

"काकू, झाड आहे हो ते! मरायला टेकलंय! मी नेणार म्हणजे नेणार!"

"कशी न्हेतीस बघतो की!" धोंडुबाईंनी फाटक अडवलं आणि आत तोंड करून हाक मारली, "अक्का, सुनंला आवरा! तुमच्या घरात काय ठेवायचं आन काय न्हाय, ते आता गल्ली ठरीवनार!"

इथं धोंडुबाई चुकल्या. अक्कांच्या घरात काय असावं, ते चाळीस वर्षांत त्यांच्या सासूलाही ठरवता आलं नव्हतं. अक्का अनवाणीच पायऱ्या उतरल्या.

"काय म्हनलीस, धोंडे? माझ्या घरातलं गल्ली ठरीवनार? तू रेडकू न्हेऊन घरात, सोप्यात बांधलीस, मी कधी बोललो? सर बाजूला!"

त्यांनी इरावतीच्या हातातून कुंडी हिसकावून घेतली. "चल गं आत!"

"अक्का, मरी हाय ओ ती!"

"मरी न्हाय, रोज-मे-री हाय!" अक्का फाटकातून अशा गरजल्या, की सोफ्यावरचा वरद उठून बसला. "इंग्रजी नाव हाय. जमत नसंल तर घेऊ नगा!"

आत जाऊन अक्कांनी खिडकीतली लोणच्याची बरणी सरकवली, कुंडी तिथं ठेवली आणि फांद्यांतल्या बांगड्या एकेक करून काढल्या. इरावतीचे डोळे भरून आले.

"अक्का..."

"नाचू नगंस. धोंडीचा तोरा उतरवायला आणलोय मी हिला. तुझ्यासाठी न्हाय."

"चालंल की," इरावती म्हणाली आणि कुंडीतला चिखल उपसायला बसली.