मजकूर आणि मोरी

माणसाला आपलं नाव दगडावर कोरलेलं बघायची हौस आलीच, तर आपल्या घरी गवंडी काम करतोय का, एवढं तरी त्याने आधी बघावं. नगरपालिकेतल्या मजकूरांनी ते बघितलं नाही.

मजकूर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गावातल्या सगळ्या सरकारी पाट्यांचा मजकूर तेच लिहीत, म्हणून कचेरीत पडलेलं ते नाव. 'येथे थुंकू नये', 'गवतावर चालू नये', 'खिडकी जेवणाच्या वेळेत बंद राहील', ही सगळी त्यांचीच साहित्यसंपदा. बावीस वर्षांत त्यांच्याइतका वाचला गेलेला लेखक गावात झाला नाही (आणि इतका कमी ऐकला गेलेलाही). पण एकाही पाटीखाली त्यांचं नाव नव्हतं, आणि हे दुःख त्यांना आतून खात होतं.

अशात राष्ट्रकवींच्या जन्मस्थानी संगमरवरी फलक लावायचं ठरलं. जन्मस्थानात आता पंक्चरचं दुकान होतं. समितीच्या चार बैठका झाल्या, त्यातली एक तर अनावरणाच्या पडद्याच्या रंगावरच गेली. मजकूर लिहायचं काम अर्थातच मजकूरांकडे आलं. त्यांनी सहा ओळी लिहिल्या, समितीने त्या पास केल्या, आणि पाथरवटाकडे कागद देताना मजकूरांनी खाली आपल्या हाताने सातवी वाढवली. 'शब्दांकन', आणि पुढे स्वतःचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. अक्षरं राष्ट्रकवींच्या नावापेक्षा लहान (थोडीशीच).

"माझ्या ओळीच्या वर एक रेघ मार. चांगली ठसठशीत," ते म्हणाले. "राष्ट्रकवी वेगळे, मी वेगळा, हे लोकांना कळलं पाहिजे."

"ते तसंही कळेल, साहेब," पाथरवट म्हणाला. "पण रेघ एवढी खोल नको. दगड तिथे कच्चा पडतो."

"रेघही खोल मार आणि अक्षरंही खोल काढ. शंभर वर्षं टिकायचंय!"

फलक तयार झाला आणि मजकूर विचारात पडले. कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी तो आधीच पाहिला, तर सातवी ओळ घासून काढायला लावतील, वर लेखी खुलासा मागतील. एकदा पडदा सरकला, टाळ्या पडल्या, की मग कोण काय वाकडं करणार! म्हणून अनावरणाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी फलक 'सुरक्षिततेच्या कारणास्तव' रिक्षात घालून घरी आणला. कागदात गुंडाळून, तोंड भिंतीकडे करून, मोरीशेजारी उभा केला आणि कचेरी गाठली. मोरीत गवंड्याचं काम चालू होतं. पण तिकडे लक्ष द्यायला मजकूर काय त्याचे मुकादम होते?

संध्याकाळी घरी आले, तर बायको दारात हसत उभी. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, त्यामुळे मजकूर आधी घाबरलेच. मग न मागता चहा आला.

"अहो, चार महिने तुमच्या कानीकपाळी ओरडतेय, मोरीत धुण्याचा दगड आणा, दगड आणा. मला वाटायचं, या माणसाने कानात बोळे घातलेत. आणि आज न बोलता आणून ठेवलात!"

"मी?"

"मग कोण? चांगला जड आहे, रुंद आहे. दुपारीच बसवून टाकला."

मजकूर कपबशी हातात घेऊनच मोरीकडे धावले. मोरीतून गवंडी हात पुसत बाहेर आला.

"साहेब, दुकानदाराने फसवलं बरं का तुम्हाला. एका बाजूला कुणीतरी काहीबाही खरडलेलं होतं. पण काळजी करू नका. ती बाजू मी खाली घातली. पाठ खरबरीत आहे, कपडे झकास निघतील."

"राष्ट्रकवी!" मजकूर ओरडले. "राष्ट्रकवी आहेत खाली!"

बायको वाकून मोरीच्या जाळीतून आत बघायला लागली.

मग मजकूरांना सगळं सांगावंच लागलं (सातवी ओळ सोडून). बायको त्यांच्या हातातला अर्धा चहा काढून घेऊन आत गेली.

सिमेंट अजून ओलं होतं. गवंड्याने पहार लावली, मजकूरांनी डोळे मिटले, आणि कट्ट असा आवाज झाला. वरचा मोठा भाग अलगद निघाला. कडा अशी सरळ, की करवतीने कापावी. खालची वीतभर पट्टी मात्र सिमेंटातच राहिली.

"नशीबवान आहात, साहेब. नेमका रेघेवर तुटला!" गवंडी म्हणाला. "सहाच्या सहा ओळी शाबूत. खालच्या पट्टीत काही महत्त्वाचं नव्हतं ना?"

"नाही," मजकूर म्हणाले. एवढं अवघड वाक्य त्यांनी बावीस वर्षांत रचलं नव्हतं. मग राष्ट्रकवींच्या अक्षरांतलं सिमेंट दोघा नवराबायकोंनी टूथब्रशने घासून काढलं (टूथब्रश मजकूरांचा).

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पडदा सरकला. टाळ्या पडल्या. मोठ्या साहेबांनी फलक दोनदा वाचला आणि मजकूरांच्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास! बावीस वर्षांत पहिल्यांदाच तुमचा मजकूर योग्य जागी संपला."

मजकूरांना रडूच आलं. राष्ट्रकवींवर काय भक्ती आहे या माणसाची, असं लोक आपसात बोलले, आणि पंक्चरवाल्याने त्यांना बसायला टायर दिला.

पडलेल्या चेहऱ्याने घरी आले, तर मोरीचं काम पुरं झालेलं. धुण्याचा नवा दगड बायकोने स्वतःच जाऊन आणला होता. तिने आतूनच हाक मारली.

"अहो, इकडे या. ती राहिलेली पट्टी होती ना, गवंड्याने ती उलटून इथे कडेला बसवलीय, अक्षरं वर करून. तुमचं नाव आहे हो तिच्यावर! वाचलं मी."

मजकूर लगबगीने मोरीत गेले. शेवटी कुणीतरी वाचलं होतं, आणि तेही घरच्या माणसाने.

"कसं वाटलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"फारच छान," बायको खाली मान घालून टाच घासत म्हणाली. "मामंजींच्या नावावर काही पाय ठेववत नाही मला. पण तुमचं नाव इतकं खोल कोरलंय, टाच अगदी लख्ख निघते."