येसूकाकूंचे सापळे

येसूकाकूंनी माकडासाठी लावलेल्या सापळ्यात सगळ्यात आधी सापडले ती मी. लग्न होऊन शेणव्यात येऊन मला जेमतेम महिना झाला होता. सासूबाईंनी शेजारी पातेलं परत द्यायला पाठवलं. काकूंच्या पडवीत दोरीला बांधलेलं एक पिकलेलं केळं लोंबत होतं. कुतूहलाने हात लावला, आणि माळ्यावरून गोणीभर तूस माझ्या डोक्यावर आलं.

काकू दाराआड दबा धरून बसल्या होत्या. त्या धावत बाहेर आल्या. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"तू हायस काय," त्या म्हणाल्या. "मग खा आता ते केळं. ओढलंस तर."

ही आमची ओळख. घरी आले तेव्हा मी काही सांगायच्या आधीच सासूबाईंनी केस झटकायला फणी पुढे केली. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. सगळ्या गावालाच ठाऊक होतं.

काकू साठीच्या पुढच्या. अंगाने काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट. मुलगा कल्याणला नोकरीला, सणाला येतो. त्यानेच आईला करमावं म्हणून टीव्ही आणून दिला. आई मालिका पाहील, कीर्तन पाहील असं त्याला वाटलं होतं. काकूंना मात्र भलतंच चॅनेल सापडलं. दुपारची भांडी घासून झाली की त्या जुनी जंगलातली कार्टून लावून बसतात. सिंह माकडामागे धावतो, माकड वेलीला लोंबकळत त्याच्या नाकावर लाथ मारतं, टोपीवाला शिकारी स्वतःच्याच बंदुकीने काळाठिक्कर होतो. त्यात कोणी फारसं बोलत नाही, नुसतं धडाम, टुणूक आणि फुस्स. त्यामुळे काकूंना भाषेची अडचण येत नाही.

बाकीचे लोक हे पाहून हसतात आणि सोडून देतात. काकूंनी ते शेतकी खात्याच्या कार्यक्रमासारखं मनावर घेतलं. त्याला कारण होतं ते गावातलं अर्ध्या शेपटीचं माकड. टोळीने हाकलून दिलेला एकटा नर. काकूंच्या परड्यातली काकडी तो खायचा, वाळत घातलेल्या पापडांवर बसायचा, आणि जाताना एक कौल सरकवून जायचा. दगड मारणं काकूंना पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, दगड काय कोणीही मारील, याला डोक्यानेच हरवायला पायजे.

त्यासाठी त्या शहापूरच्या बाजारात दोरी घ्यायला गेल्या, तेव्हा मी सोबत होते. दुकानदाराने विचारलं, गाईला हवी की म्हशीला. काकूंनी गंभीरपणे सांगितलं की झाड वाकवून बांधायचंय, माकड आलं की ते वर उडालं पायजे. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

तो वाकवलेला बांबू माकडासाठी सुटलाच नाही. काकू गाठ पक्की झाली का ते बघायला गेल्या आणि त्यांचंच लुगडं अडकलं. बांबू सटकन वर गेला आणि पदर शेंड्यावर झेंड्यासारखा फडकू लागला. काकू खाली गिरक्या घेत राहिल्या. माकड कुंपणावर बसून काकडी खात होतं. आम्ही पदर सोडवून आणला तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "आयडिया बरोबर होती. बांबू आडमुठा निघाला."

मग परसात खड्डा. त्यावर काटक्या, पाचोळा आणि मधोमध पेरू. त्यात गॅसचा सिलिंडर आणून देणारा माणूस गेला. कमरेपर्यंत. बिचाऱ्याने सिलिंडर मात्र दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ठेवला होता. काकूंनी त्याला खड्ड्यातच चहा दिला, कारण तो म्हणाला, जरा बसतो, खाली पेंढा चांगला मऊ आहे. काकूंनी खड्ड्यात पेंढ्याची गादी अंथरली होती.

पण कमाल झाली ती दाराची. कार्टूनमध्ये सिंह भिंतीवर रंगवलेल्या बोगद्यात घुसायला जातो आणि पापडासारखा चपटा होतो. काकूंनी काव आणि कोळसा घेऊन आपल्या मागच्या भिंतीवर चांगलं पुरुषभर उंचीचं दार रंगवलं, कडी-कोयंड्यासकट. माकडाने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळी जरा जास्त घेऊन परतणाऱ्या आमच्या चुलतसासऱ्यांना मात्र ते आपलंच घर वाटलं. आधी त्यांनी दार वाजवलं. मग बायकोला हाका मारल्या. मग चुकलो, उद्यापासून नाय पिणार, असं भिंतीला वचन दिलं. शेवटी रागाने खांदा लावून दार तोडायला गेले. दुसऱ्या दिवशी कपाळावर टेंगूळ घेऊन हिंडत होते. दिलेलं वचन मात्र त्यांनी बरेच दिवस पाळलं. चुलतसासूबाई काकूंना साखर देऊन आल्या.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग त्या माकडाने एका घरात शिरून पाळण्यातल्या बाळाच्या हातातलं बिस्कीट हिसकावलं. बाळाला ओरखडाही नव्हता, पण आई फार घाबरली. गावाने तक्रार केली. वनखात्याची दोन माणसं गाडीतून पिंजरा घेऊन आली, त्यांनी आत केळ्यांची फणी ठेवली आणि आमच्या ओट्यावर पाणी पीत बसली. पाणी पिऊन व्हायच्या आत माकड सरळ चालत आत गेलं. खटकन दार पडलं.

काकूंना तो अपमान वाटला. एवढ्या युक्त्यांना न भुललेला हा प्राणी, आणि गेला कुठे, तर साध्या पिंजऱ्यात.

सगळा गाव जमला. वनरक्षक म्हणाला, याला कसाऱ्याच्या पलीकडे घाटात नेऊन सोडतो, परत येणार नाही. पण त्रास देणारा हाच ना, याची खात्री करायची होती. कोणीतरी म्हणालं, काकूंना विचारा, त्यांच्याइतकं त्याला कोणी ओळखत नाही.

काकू पिंजऱ्यापाशी उकिडव्या बसल्या. माकड एका कोपऱ्यात अंग चोरून होतं. त्याने केळ्याला हातही लावला नव्हता. दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले.

"हा तो नाय," काकू म्हणाल्या.

वनरक्षकाने शेपटीकडे बोट दाखवलं. तक्रारीत अर्धी शेपटी सांगितली होती.

"आमच्याकडच्या माकडाची पुरी शेपटी हाय. लांबलचक. हा कुठला परका, गरीब हाय बिचारा."

मग त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. सगळ्यांकडे, एकेक करून. सिलिंडरवाला योगायोगाने तिथेच होता, तो म्हणाला, हो, पुरी शेपटी. चुलतसासऱ्यांनी तर ती हाताने मापून दाखवली. शेवटी वनरक्षकाने बाळाच्या आईकडे पाहिलं. तिने बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, मी घाबरले होते, शेपटी काय बघितली नाय.

वनरक्षकही काही कालचा नव्हता. तो हसला आणि बाळाच्या घराच्या खिडकीला जाळी मारून घ्या म्हणाला. मग त्याने पिंजऱ्याचं दार वर उचललं. माकड बाहेर आलं, जाता जाता त्याने वनरक्षकाची टोपी उडवली आणि काकूंच्या कौलावर जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिवलेला ब्लाउज द्यायला गेले, तेव्हा कार्टून चालू होतं. मी विचारलं, काकू, खोटं का बोललात? त्यांनी टीव्हीवरची नजर काढली नाही.

"एकटा हाय गो. तिकडं घाटात त्याला कोण ओळखतं?"

मग थोड्या वेळाने, मी विचारलं नसताना, त्यांनी काकांचं सांगितलं. मी काकांना पाहिलेलं नाही. काका थट्टेखोर. भाताच्या राबात जाळायचा पाला तोडायला ऐनाच्या झाडावर चढले की खालच्या फांदीवरून मुद्दाम धप्पकन उडी टाकायचे आणि मेल्यासारखे पडून राहायचे. काकू ओरडत धावल्या की एक डोळा उघडायचे. दर वर्षी तेच. एका वर्षी ते वरच्या फांदीवरून पडले. काकू खाली पाला गोळा करत होत्या.

"मी म्हटलं, पुरे आता, उठा. पाला बांधायचाय," काकू म्हणाल्या. "मी पाला बांधत रायले. परत म्हटलं, उठा."

मी ब्लाउज खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसले.

तेव्हापासून दुपारी मी शिवणाचं मशीन थांबवून काकूंकडे जाऊन बसते. दोघींत एक ताट शेंगांचं. पडद्यावर सिंह माकडाच्या मागे उंच कड्यावरून धावत पुढे जातो, हवेत क्षणभर थांबतो, खाली बघतो आणि पडतो. खाली धुळीचा लोट उठतो. काकूंचा हात ताटात तसाच थांबतो, माझाही. मग धुळीतून सिंह डोकं झटकत उठतो, आणि आम्ही दोघी हसतो.