अंगसरावांचं चाक

अंगसरावांच्या खोलीत शिंकायला मनाई आहे. दार किलकिलं करून ते आधी विचारतात, "सर्दी? तपकीर? रडू?" तिन्हींना नाही म्हटलं की मगच आत घेतात.

एडिनबरातल्या आमच्या इमारतीत ते खालच्या मजल्यावर राहतात. फिरत्या चाकाला काच टेकवून तिच्यावर चित्रं कोरण्यात त्यांचं आयुष्य गेलं. जोडीला मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. त्यातले सगळे कोल्हे त्यांच्या मेव्हण्यासारखे दिसतात, कारण मेव्हणा दर ख्रिसमसला विचारायचा, "खरी नोकरी कधी धरणार?" 'अंगस'ला 'राव' माझ्या बायकोनं, सुमानं जोडलं.

एकदा ते तणतणत वर आले. "तुमच्या मिरच्यांनी माझ्या हरणाला तिसरं शिंग फुटलं!" सुमाच्या फोडणीचा ठसका खाली पोचला होता आणि गोल्फ क्लबचा काचेचा चषक बाद झाला होता. तेव्हापासून सुमा फोडणीआधी लाटण्यानं जमिनीवर ठोकायची. खाली चाक थांबायचं.

सुमा गेली. काही महिन्यांनी तिचा चहाचा काचेचा ग्लास घेऊन मी खाली गेलो. तिनं कुंडीत जगवलेल्या कढीपत्त्याची डहाळी मला त्यावर हवी होती. अंगसरावांनी डहाळी उलटसुलट पाहिली, एक पान चावून बघितलं. मग ग्लास उजेडात धरून फिरवला.

"स्वस्तातली काच आहे. आत ताण असतो. कुठल्याही पानाला तडकेल. दुसरा आण."

"दुसरा तिचा नाही."

"मग समोर बस. फुटला तर तुझ्यादेखत फुटू दे."

दर गुरुवारी मी बसू लागलो. तांब्याचं चिमुकलं चाक फिरायचं, त्यावर तेलात कालवलेली, काच झिजवणारी भुकटी, आणि ग्लास खालून चाकाला टेकवायचा. तेलामुळे कोरताना त्यांना स्वतःलाही काही दिसत नाही. ते नुसता आवाज ऐकतात. सूर जरा चढला की माझी खुर्ची करकरायची. "व्हीश्ट, व्हीश्ट," ते पुटपुटायचे. गप, गप. ग्लासला की मला, कळायचं नाही.

पानं वाढत गेली. मग काम रेंगाळू लागलं. "आज काच रुसलीय," ते म्हणायचे. "पुढच्या गुरुवारी बघू."

गेल्या गुरुवारी सूर लागेचना. मी वाकून पाहिलं. चाक कोरडं होतं आणि ग्लास त्याच्यापासून बोटभर दूर. डहाळी केव्हाच पूर्ण झाली होती.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ग्लास मिळाला की माणसं परत येत नाहीत. त्यांचं तरी काय चुकतं? काम झालेलं असतं."

मी ग्लास हातात घेतला. कुठे चरा नाही, तडा नाही. आता वर न्यायचा, कपाटात ठेवायचा, की संपलं.

"अंगसराव," मी म्हणालो, "या बाजूला अजून एक पान बसेल?"

"तडकू शकतो."

"माहीत आहे."

त्यांनी ग्लास माझ्या हातातून घेतला. मग चाकाला तेल लावलं.