सोमणकाकांचा कॅम्प

सकाळी सात वाजता ऑफिसला निघालेल्या माणसाची गाडी अडवून "पुढे काय दिसलं?" असं विचारणारा माणूस अमेरिकेतल्या ह्या अख्ख्या रेडमंडमध्ये एकच आहे, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा रिपरिप पाऊस होता. समोरून एक जुनी मिनीव्हॅन रांगत आली, माझ्या गाडीला अगदी खेटून थांबली, काच खाली झाली आणि सोमणकाकांचं खाकी टोपीतलं डोकं बाहेर आलं. मला वाटलं, रस्त्याची चौकशी करतायत. म्हटलं, "ट्रॅफिक आहे काका, रॅम्पवर."

"चालता आहे की बसलेला?"

"बसलेलाच."

"हं. मग दहापर्यंत उठायचा नाही," असं म्हणून त्यांनी काच वर केली. मागच्या सीटवर शैलाकाकू होत्या. गुडघ्यांवर लाल चौकड्यांची शाल, गळ्यात दुर्बीण. त्यांनी मला हात केला आणि ती दोघं ताशी दहा मैलांनी पुढच्या गल्लीत शिरली. मागे चार गाड्यांची रांग लागली होती, पण काकांना घाई लागणं आता बंद झालंय.

दोन वर्षांपूर्वी दोघं आठ दिवस केनियात एका सफारी कॅम्पवर राहून आले. बॅगा परत आल्या, काकू परत आल्या, काका काही पूर्ण परत आले नाहीत. ह्याच माणसाने तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये मॅनेजरकी केली होती. तेव्हा त्यांना गणपतीच्या आरतीला बोलावलं तरी "तारीख सांग, मी ब्लॉक करतो" म्हणायचे आणि आरतीच्या मध्यात फोन घेऊन मागच्या लाकडी डेकवर जायचे. आता तेच काका ससा पाहायला वीस मिनिटं गाडी बंद करून बसतात. ससा नाही आला तर म्हणतात, "दिसलं तर दिसलं."

घरात त्यांनी कॅम्पचं सगळं वेळापत्रक चालू केलं. फ्रिजवर पांढरा बोर्ड: सहाला चहा, साडेसहाला सकाळची फेरी, नऊला न्याहारी, दुपारी विश्रांती, सूर्यास्ताला डेकवर पेय आणि दाणे. सूर्यास्त ही रेडमंडमध्ये ऑक्टोबरनंतर केवळ ऐकीव गोष्ट. तरी काका छत्रीखाली लिंबू सरबत घेऊन उभे राहतात आणि ढगाकडे बोट दाखवून सांगतात, "आत्ता तो तिथे मावळतोय." एकदा मी म्हटलं, काका, काही दिसत नाही. तर म्हणाले, "बिबट्याही दिसत नाही. म्हणून तो नसतो का?" मी दाणे खाल्ले.

आफ्रिकेच्या गोष्टी त्यांनी मला इतक्यांदा सांगितल्यात की मीच जाऊन आल्यासारखं वाटतं. त्यातली माझी आवडती माकडांची.

कॅम्पवर पोचल्या पोचल्या तिथल्या गाईडने, त्याचं नाव जोसेफ, सगळ्यांना बजावलं की तंबूत खायचं काहीही ठेवायचं नाही. असेल ते आणून द्या, आम्ही स्वयंपाकघरात कुलपात ठेवतो. सगळ्या पाहुण्यांनी बिस्किटं, चॉकलेटं, फळं काढून दिली. काकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, आमच्याकडे काही नाही. त्यांच्या बॅगेत त्यावेळी दोन किलो लसूण चिवडा, बाकरवडीचे तीन डबे आणि मेतकूट होतं.

"काका, हे खोटं झालं," मी म्हणायचो.

"खोटं कसं? तो फूड म्हणाला. चिवडा म्हणजे फूड आहे का? चिवडा म्हणजे सामान."

सकाळच्या फेरीवरून परत आले तर तंबूची चेन सरळ उघडलेली आणि छपरावर आठ-दहा माकडं पंगतीला बसलेली. बाकरवडी संपली होती. चिवड्यातले शेंगदाणे आणि खोबरं वेचून खाल्लं होतं आणि कढीपत्ता तेवढा खाली टाकला होता. "आमच्या रेवासारखंच," काका सांगतात. रेवा म्हणजे त्यांची मुलगी. एका माकडाने मेतकुटात तोंड घातलं होतं, ते शिंकत शिंकत फांदीवरून फांदीवर पळत होतं. जोसेफ काही रागावला नाही. तो एवढंच म्हणाला, की आता उद्याही येतील, तुम्ही त्यांना पत्ता दिलाय.

हे सांगताना काकांना हसू आवरत नाही. काकूही हसतात. कधी कधी मात्र त्या हसून झाल्यावर विचारतात, "कुठे झालं हे?" आणि काका पुन्हा पहिल्यापासून सांगतात. मी समजायचो, नवऱ्याची तीच तीच गोष्ट ऐकायची काकूंची ही एक तऱ्हा असेल. माझी बायको मेधा माझ्या गोष्टींना ह्याहून वाईट वागवते.

मग एका डिसेंबरच्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे शिडी परत द्यायला गेलो. साडेचारलाच अंधारलं होतं. निघालो तर काका टॉर्च घेऊन माझ्याबरोबर बाहेर आले. त्यांच्या दारापासून माझं दार तीस पावलं.

"काका, मी जाईन."

"कॅम्पवर अंधार पडल्यावर एकट्याने चालायचं नाही. नियम आहे."

"इथे सिंह कुठला खायला बसलाय मला?"

काका थोडं चालले. मग टॉर्च खाली धरून म्हणाले, "सिंहासाठी नाही रे. शैलासाठी आहे."

आणि त्यांनी सांगितलं. आफ्रिकेला जायच्या आधीच डॉक्टरांनी काकूंना स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं होतं. काकू कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत जायच्या आणि परतीचा रस्ता विसरायच्या. काका बरोबर निघाले की भडकायच्या, मी काय लहान मूल आहे का. सगळ्यात वाईट म्हणजे कोणाचं नाव आठवलं नाही की ओशाळून दिवसभर खोलीत बसायच्या. आफ्रिकेचं बुकिंग आधीचं होतं. रेवा म्हणाली होती, बाबा, कॅन्सल कर. काका आयुष्यात पहिल्यांदा काही कॅन्सल न करता गेले.

"आणि तिथे ती ठणठणीत, रे. आठही दिवस. मला कळेचना. मग लक्षात आलं. तिथे सगळ्यांनाच सोबत लागते. मोठमोठे लोक जोसेफचा हात धरून जेवायला जायचे. आज काय करायचं ते सगळ्यांनाच रोज सांगायला लागतं. आणि जोसेफ रोज सकाळी तंबूबाहेर उभा राहून आपलं नाव सांगायचा. गुड मॉर्निंग, मी जोसेफ, आज मी तुमचा गाईड. कोणाला काही लक्षात ठेवायलाच नको. ती लाजली नाही एकदाही." मग म्हणाले, "म्हणून मीही सांगतो. रोज सहाला चहा घेऊन जातो आणि सांगतो, मी अनंत, आज मी तुमचा गाईड."

मी दोन वर्षं ह्या माणसाची टिंगल करत होतो. माझ्या दारापाशी उभं राहून मला स्वतःची शरम वाटली, आणि ती मी त्यांना बोलूनही दाखवली नाही. मी फक्त म्हटलं, "काका, काही लागलं तर सांगा."

"लागेल," ते लगेच म्हणाले. "पाहुणे लागतील."

गोष्ट अशी होती, की रेवा शिकागोहून येणार होती. तिने काकूंसाठी तिथली एक संस्था पाहून ठेवली होती. अशा आजाराच्या माणसांना चोवीस तास सांभाळणारी, चांगली, स्वच्छ. काका सत्तरीला आले होते, त्यांनाही झेपेनासं झालं तर काय, हे तिचं म्हणणं चूक नव्हतं. ती शनिवार-रविवार राहून बघणार आणि ठरवणार. काका म्हणाले, "तिला कॅम्प नीट चाललेला दिसला पाहिजे. नाहीतर शैला तिकडे शिकागोला जाईल."

म्हणून शनिवारी पहाटे मी आणि मेधा, सॉफ्टवेअर टेस्टर आणि दाताची डॉक्टर, सोमणांच्या मिनीव्हॅनच्या मागच्या रांगेत नागपूरहून आलेले पर्यटक म्हणून बसलो. मी टोपी घातली होती. मेधाच्या मते मी भाजी आणायला निघाल्यासारखा दिसत होतो.

रेवा आदल्या संध्याकाळी आली होती आणि तिचा चेहरा उतरलेला होता. आईने तिला ओळखलं नव्हतं. ड्राइव्हवेत उभी राहून ती दबक्या आवाजात काकांशी भांडत होती. "Baba, this is insane. तू तिच्याशी खोटं बोलतोयस. Every single day."

"खोटं काय त्यात? मी नाव खरंच सांगतो. फेरी खरंच मारतो."

"She thinks you're a tour guide!"

"मग आहेच मी. कमी पगाराचा," काका म्हणाले आणि त्यांनी सरकतं दार उघडून धरलं. रेवा रागारागाने आईशेजारी बसली.

निघालो. पाऊस होताच. काका दर वळणावर थांबून झुडपं न्याहाळत होते. तळ्याकाठी एक बगळा होता, तोही पाठ करून. शाळेच्या मैदानावर तीन ससे. नंतर बराच वेळ काहीच नाही, नुसते वायपर. रेवाने फोन काढला आणि परत ठेवला. मला धाकधूक होत होती, की आता कोणी काही बोललं तर रडारड होईल.

बोलल्या त्या काकूच. त्या रेवाकडे वळल्या आणि अगदी अगत्याने विचारलं, "पहिल्यांदाच आलात का तुम्ही?"

मेधाने माझा हात घट्ट धरला. मग रेवा मराठीत म्हणाली, "हो. पहिल्यांदाच."

"घाबरू नका हं," काकूंनी आपल्या शालीचं एक टोक तिच्या गुडघ्यांवर टाकलं. "सुरुवातीला सगळं अनोळखी वाटतं. मलाही वाटतं कधी कधी. पण हे गाईड फार चांगले आहेत. रस्ता चुकत नाहीत. आणि एकटं सोडत नाहीत कोणाला."

"हो का?"

"मी बघितलंय ना. आमच्या ह्यांनाही आणायचं होतं मला. पण त्यांना कामातून वेळच नसतो. तारखाच जमत नाहीत त्यांच्या." त्यांनी शाल सारखी केली. "बसून राहायला शिकले असते इथे."

काकांनी गाडी कडेला घेतली. समोर काही नव्हतं, नुसती ओली झाडं. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ते वळून बघत नव्हते.

काकू पुढे वाकल्या. प्रवासात भेटलेल्या माणसाच्या घरची विचारपूस केल्याशिवाय आपल्याकडच्या बायकांना चैन पडत नाही, तसं त्यांनी विचारलं, "अहो गाईड, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"बायको असते," काका म्हणाले. "मुलगी असते लांब, पण येते."

"मग बायकोला कधी आणता की नाही इकडे? की सगळी मजा पाहुण्यांनाच?"

"आणतो ना. रोज आणतो."

"रोज?" काकूंना फार बरं वाटलं. त्या मागे टेकून बसल्या आणि रेवाला म्हणाल्या, "नशीबवान आहे बाई ती."

मला रडू आलं आणि मी ते टोपीखाली लपवायचा प्रयत्न केला. रेवा आईचा हात हातात घेऊन बसली होती. काकूंनी तो घेऊ दिला. बऱ्याच वेळाने रेवाने डोळे पुसले आणि पुढच्या सीटकडे बघून विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

काका समोरची काच आतून पुसत राहिले, म्हणून मीच मागून सांगितलं, "साडेसहाला."