न वाचलेली पुस्तके

वाचनालयाला खिडकी एकच होती, आणि तिच्यासमोर पाच कपाटं उभी होती. त्या कपाटांत अशी पुस्तकं होती, की महिनाभर पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेल्या माणसालाही ती वाचावीशी वाटली नसती. ‘कुलपांची उत्पत्ती आणि विकास’. ‘माझी निवडक भाषणे’, आणि त्याला खेटून ‘माझी उरलेली भाषणे’. ‘सांडपाण्याचा उतार : एक चिंतन’. कुणा निवृत्त साहेबांच्या आत्मचरित्राचा नुसता दुसरा खंड. सगळी लेखकांनी स्वतः आणून, पहिल्या पानावर सही ठोकून सप्रेम भेट दिलेली. देणारा समोर उभा असताना नको म्हणता येत नाही आणि एकदा घेतल्यावर टाकता येत नाही, त्यामुळे ती साठत गेली होती.

ग्रंथपालबाई अकरा वर्षं एकच गोष्ट मागत होत्या. ही कपाटं हलवा आणि खिडकीत मुलांना बसायला कोपरा करा. मुलं बिचारी जिन्याच्या पायऱ्यांवर बसून वाचायची आणि वर जाणारा प्रत्येक जण त्यांच्या बोटांवर पाय देऊन जायचा. शेवटी यंदा परवानगी मिळाली, सुतारही ठरला. “शुक्रवारी सकाळी जागा रिकामी दिसली तर हात लावतो,” सुताराने बजावलं होतं. “नाहीतर शनिवारपासून मोठं काम धरलंय. मग वर्षभर माझी वाट बघू नका.”

बाईंनी पदर खोचला. एकेक पुस्तक काढून शेवटच्या पानावरचा तारखांचा कागद बघितला. ज्यावर एकही शिक्का नाही, म्हणजे जे आजवर एकदाही कुणी घरी नेलेलं नाही, ते बाजूला काढलं. तीनशे बारा निघाली. बाईंनी सुवाच्य अक्षरात यादी केली, वर मथळा घातला, ‘न वाचलेली पुस्तके – एकूण ३१२. बाद करण्यास मंजुरी मिळावी’, आणि सोमवारी शिपाईमामांच्या हाती कार्यवाहांकडे पाठवली.

कार्यवाहांना सगळे मागून लगेचराव म्हणत. कुठलंही काम ते लगेच करीत आणि विचार नंतर, वेळ उरलाच तर. ते आठ दिवस बाहेरगावी होते. परत आल्या आल्या त्यांना कळलं, की शनिवारी गच्चीवरची टाकी वाहून वाचनालयात पाणी शिरलं. शिरलं होतं हे खरं, पण ते उंबऱ्यापर्यंत आलं आणि पायपुसणं भिजवून थांबलं. पायपुसण्याचा भाग त्यांना कुणी सांगितला नव्हता. यादी वाचली आणि त्यांनी फोन लावला.

“बाई, यादी बघितली. तीनशे बारा! यातलं एकही वाचलं नाही?”

“एकही नाही,” बाई म्हणाल्या.

“काही प्रयत्न तरी केलात की नाही?”

“केले ना! पाच-सहा तर मी स्वतः हातात घेतली. पण दहा-बारा पानांपुढे निभाव लागेना. सोडून द्यावी लागली.”

“अरेरे! आणि शिपाईमामा?”

“ते तर दुसऱ्या पानालाच आडवे झाले.”

“आडवे झाले? आता कसे आहेत?”

“झोप झाली की ठीक असतात.”

लगेचराव हळहळले. “बाई, तुमची कमाल आहे. एवढं होऊनही किती शांत आहात! काळजी करू नका. मी लगेच बघतो.”

बाईंनी फोन ठेवला आणि मामांना म्हणाल्या, “बघा, उगाच नावं ठेवतो आपण. माणूस समजूतदार आहे.”

मंगळवारी सकाळी त्या समजूतदार माणसाचं निवेदन वाचकांच्या ग्रुपवर झळकलं. ‘वाचनालयावर ओढवलेल्या जलसंकटात पुढील तीनशे बारा पुस्तके वाचू शकली नाहीत. ज्यांच्याकडे यांच्या प्रती असतील त्यांनी त्या देऊन मदतीचा हात द्यावा.’ खाली अख्खी यादी.

दहा वाजता बाई पोचल्या तेव्हा दाराशी रांग लागली होती. कारण लेखकांनी ही पुस्तकं फक्त वाचनालयालाच दिली नव्हती. ती घरोघरी होती. सहीचं पुस्तक रद्दीत घालायचं कुणाला धैर्य होत नव्हतं, आणि आता तर ते देऊन वर पुण्यही लागत होतं. शिंप्याने चार आणली. “जड अंतःकरणाने देतोय हं बाई,” असं म्हणत तो दोन-दोन पायऱ्या सोडून उड्या मारत खाली गेला. डॉक्टरांनी पेशंट बसतात त्या खोलीतली मांडणीच्या मांडणी रिकामी करून पाठवली.

“अहो, पण ही सगळी आहेत आमच्याकडे!” बाई कळवळून सांगत होत्या.

“धक्का बसलाय बिचारीला,” रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, आणि ढीग आणखी वाढला.

भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली. संध्याकाळपर्यंत पाच कपाटं भरलेलीच होती, शिवाय त्यांच्यापुढे कमरेएवढी रास आणि जिन्याच्या पायऱ्यांवर थप्प्या. बाईंनी तणतणत लगेचरावांना फोन लावला.

“साहेब, न वाचलेली म्हणजे कुणी वाचली नाहीत हो! तशी सगळी वाचली आहेत!”

“म्हणजे वाचली का नाही?”

“वाचली, पण वाचली नाहीत!”

मग लगेचराव मायेने म्हणाले, “बाई, तुम्ही आज घरी जा. जरा पडा.”

“मी ठणठणीत आहे! आणि पुस्तकंही! एक थेंब लागला नाही त्यांना! कोरडी आहेत, कोरडी!”

“मग असं सांगा ना सरळ. लगेच दुरुस्ती टाकतो.”

आणि टाकलीही. ‘आनंदाची बातमी! ग्रंथपालबाईंनी जिद्द सोडली नाही. सर्वच्या सर्व तीनशे बारा पुस्तके वाचली!’

हे वाचून ज्या लेखकांना आजवर कुणी ओळखही दाखवली नव्हती, त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बुधवारी सकाळपासून फोन खणखणू लागला. “कशी वाटली?” भाषणवाल्यांनी विचारलं. “निवडक जास्त भिडली की उरलेली?” कुलूपवाले तर जातीने आले, खुर्ची ओढून बसले आणि लाजत म्हणाले, “तिसऱ्या प्रकरणात मी जरा वाहवत गेलोय, नाही?” बाईंनी तिसरं प्रकरण जन्मात पाहिलं नव्हतं. त्या “हं” म्हणाल्या. त्यावर ते पाऊण तास बोलले. तेवढ्यात लगेचराव बाईंच्या सत्काराची तारीख ठरवायला आले, त्यांच्यामागून भाषणवालेही प्रत्यक्ष आले आणि देवघेवीच्या टेबलाभोवती ही गर्दी झाली.

“मामा, रात्रीत सगळं रद्दीत घाला,” बाई कुजबुजल्या.

“मी नाही बाई. सहीची पुस्तकं आहेत. मला इथंच राहायचंय.”

बाईंनी वैतागून बाहेर पाहिलं. जिन्यात पुस्तकांच्या थप्प्यांमधून उरलेल्या वीतभर जागेत एक लहान मुलगी एका पायावर उभी राहून गोष्टीचं पुस्तक वाचत होती. पाय दुखला की दुसऱ्या पायावर व्हायची. बाईंना एकदम रडू आलं, आणि रडू यायला लागलं की त्या चिडत. परवा सुतार येणार, हा पसारा बघणार आणि तसाच परत जाणार. पुन्हा अकरा वर्षं.

“ऐका!” बाई अशा ओरडल्या, की कुलूपवाले खुर्चीतून उठले. “माझं मत पाहिजे ना सगळ्यांना? शुक्रवारी संध्याकाळी पाचला, इथे, चारचौघांत सांगते! एकेक पुस्तक उघडून! पानं मोठ्यांदा वाचून दाखवीन आणि मग काय वाटतं ते स्पष्ट बोलेन! ज्याने लिहिलं त्यालाही विचारीन, आणि ज्याने आणून दिलं त्यालाही चार प्रश्न विचारीन!”

रागाच्या भरात त्या बोलून गेल्या आणि मग स्वतःच घाबरल्या. पण लगेचरावांनी तेवढ्यात ते ग्रुपवर टाकलंही होतं.

गुरुवारी वाचनालयाचं दार उघडायच्या आत कुलूपवाले हजर. “माझी प्रत जरा नेतो म्हटलं. एक स्वल्पविराम राहिलाय.” भाषणवाले निवडक आणि उरलेली अशी दोन्ही काखेत मारून, कुणाशी न बोलता गेले. सांडपाण्याच्या लेखकांचा पुतण्या आला. “काका तर गेले बिचारे. आता त्यांच्यामागे चर्चा कशाला?” साहेबांची सून दुसरा खंड घेऊन गेली. शिंपी धापा टाकत जिना चढला. “बाई, ती चार द्या. घर कसं सुनंसुनं वाटतंय!” डॉक्टरांनी तर कंपाउंडरबरोबर टेम्पोच पाठवला. मामा वहीवर सह्या घेत होते, ‘स्वखुशीने परत नेले’. दुपारपर्यंत जिना मोकळा झाला, चारपर्यंत रास संपली आणि पाचला कपाटांच्या फळ्या दिसू लागल्या. एकच पुस्तक उरलं, ‘पंप आणि मी’.

साडेपाचला त्याचे लेखक आले. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले पंपवाले काका, पांढरा सदरा, हातात टोपी.

“न्या काका, न्या,” बाई घाईघाईने पुस्तक पुढे करत म्हणाल्या. “काही वाटून घेऊ नका.”

“न्यायला नाही आलो,” काका म्हणाले. “उद्या पाचला नक्की आहे ना, ते विचारायला आलो. घरचे सगळे येतायत. मुलगी तिकीट काढून येतीये.” ते टोपी चाचपत जरा थांबले. “वीस वर्षं झाली बघा पुस्तकाला. कुणी तरी चार प्रश्न विचारील म्हणून वाट बघत होतो. काय वाईट असेल ते वाईट म्हणा. पण पान नंबर सांगून म्हणा, म्हणजे मला उत्तर देता येईल.”

बाईंनी पुढे केलेलं पुस्तक मागे घेतलं. “या काका,” एवढंच त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सुतार आला. कपाटं हलली, खिडकी उघडली आणि त्या खोलीत ऊन आलं. मुलं काम संपायचीही वाट न बघता भुश्शातच फतकल मारून बसली. सुतार ओरडत होता, मुलं ऐकत नव्हती. त्यांच्या मधोमध बाई चष्मा पुसून बसल्या आणि त्यांनी ‘पंप आणि मी’ उघडलं. प्रस्तावनाच चाळीस पानांची होती.

“किती पानं आहेत सगळी?” मामांनी विचारलं.

“आठशे छप्पन्न.”

“आणि काका पाचला येणार?”

“घरच्या सगळ्यांना घेऊन.”

मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा झाले होते. मग बाईंकडे पाहिलं आणि मान हलवली.

“बाई, आज काही तुम्ही वाचत नाही.”